मॅकरोनीचं तिसरं भांडं

मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात वर्लीनबाई दुकानाच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढेच शेजारच्या लुएलाच्या दोन मुली, कालच माहेरी आलेल्या, कोळंबीची पिशवी धरून कुजबुजत होत्या.

“ताई, काल आपण पोचलो तेव्हा पायरीवर मॅकरोनीची दोन भांडी कशी होती गं?”

“आणली असतील कुणीतरी.”

“आपल्याकडे मॅकरोनी भाजून आणतात ती मयताला, नाहीतर कुणावर मोठं संकट आलं तर. आई तर ठणठणीत आहे!”

“माझ्याकडे नको बघूस, डोवी.”

“मी नवऱ्याला सोडलंय हे फक्त तुला ठाऊक होतं. मला आईला स्वतः सांगायचं होतं गं!”

“मी आईला एवढंच म्हटलं, चर्चमध्ये तुझ्या एका मुलीसाठी प्रार्थना करायला सांग. नाव नाही घेतलं.”

“आईला मुली आहेत किती?”

“दोन. म्हणूनच म्हटलं, कुठली ते कळायचं नाही. पण थांब, तुझ्यासाठी एक भांडं. मग दुसरं कुणासाठी?”

“असेल कुणासाठी तरी.”

“डोवी! माझी नोकरी गेल्याचं आईला सांगितलंस?”

“नाव नाही घेतलं.”

आता वर्लीनबाईंना राहवेना.

“पोरींनो, आईला म्हणावं, तिसरं भांडं संध्याकाळी घेऊन येते.”

दोघी गर्रकन वळल्या.

“आता तिसरं कुणासाठी, मावशी?”

“लुएलासाठी गं. दोघी एकदमच राहायला आलात ना, बिचारी!”