पोपटी शिजली की नाही

तुमचा हा वाद काहीच नाही. माझ्या लेकीला, सुमनला, बघायला रोह्याची मंडळी आमच्या पेणजवळच्या गडबला आली होती, तेव्हाचा ऐका.

थंडीचे दिवस, म्हणून शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा भरल्या आणि भोवती जाळ केला. थोड्याच वेळात मुलाचे मामा म्हणाले, "काढा. शिजली."

मी म्हटलं, "अजून नाय."

"आमच्याकडं चार पिढ्या पोपटी लावतात."

"त्यांची शिजली असेल. ही वेगळी हाय."

"पेणकडच्यांना काय कळतं हो पोपटीतलं?"

"मी कुठचा, ते शेंगा विचारतात काय?"

मामा उठून उभेच राहिले. "म्हणजे आम्ही खोटे? सोयरीक नको असेल तर सरळ सांगा!"

शेंगांवरून सोयरीक मोडायची वेळ आली. बायको मला खुणावत होती, हो म्हणा म्हणून. पण कच्च्याला शिजलं म्हणणं माझ्याच्यानं होत नाही.

तेवढ्यात सुमननं मुलालाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तोवर तो एक शब्द बोलला नव्हता. तो उठला आणि त्यानं मडक्यावर पाणी शिंपडलं. शिजली असती तर पाणी चर्र करून उडालं असतं. ते नुसतंच खाली ओघळलं.

"मामा, कच्ची हाय," तो म्हणाला.

मामा खाली बसले नि जाळात काटक्या सारू लागले. मी होकार द्यायला घसा खाकरला, पण सुमन माझ्या आधीच तिच्या आईला म्हणाली, "आये, मला पसंत हाय गो."