वरून एसक्यूएल हाय ना!

...न्हाई, तुम्ही मला शांत हो म्हणूच नका! त्या अंगदला मी सोडत नसतो, बिलकुल सोडत नसतो! तुम्हाला सांगतो, जालन्यात अण्णासाहेबांचं वधू-वर सूचक केंद्र हाय, तिथला कंप्युटर मी सांभाळतो. आदिनाथ माझं नाव. माझा डेटाबेस कसा, रकाने आखलेला! नाव, उंची, नोकरी, देवक... एसक्यूएलमध्ये, म्हंजे डेटाबेसला प्रश्न घालायच्या भाषेत, विचारा, बराबर उत्तर. पण अण्णासाहेबांना सुधारणा पाहिजे! पुण्याहून हा अंगद आणला. मूळचा मंठ्याचाच, पण आता मंठा नकाशात शोधतो.

तो म्हणे, "रकाने काढून टाक. नोएसक्यूएल घे. ज्याला जे सांगायचं ते सांगू दे, जसं येईल तसं ठेवायचं." म्हंजे काय, पोत्यात भरायचं! एकाच्या बायोडाट्यात मामाचं गाव, दुसऱ्याच्यात ट्रॅक्टर, तिसऱ्याच्यात नुसतं 'मुलगा सुपारीसुद्धा खात नाही'! मी म्हणलं, अरे बाबा, मला एसक्यूएलच येतं, ह्या पोत्यातून शोधू कसं? तर चष्मा वर सारून म्हणतो, "टेन्शन नको घेऊ, वरून एसक्यूएल हाय ना!" म्हंजे पोतं खाली तसंच, वरून एक थर. आपण एसक्यूएलमध्ये विचारायचं, थर पोत्यात हात घालणार, सापडंल ते रकाने आखून आपल्यापुढं. अण्णासाहेब खूष!

आता थराला कसं कळावं रकाने कोणते? तर तो पहिले शंभर बायोडाटे बघतो आणि ठरवून टाकतो! आणि आमच्या पोत्यात पहिले शंभर पडले कुठले? राजूरच्या वधू-वर मेळाव्यातले! त्या गर्दीत नाव-उंची लिहून घेतानाच घाम फुटला, देवक कोण विचारतंय? झालं! थरानं ठरवलं, देवक नावाची चीजच जगात न्हाई. मी म्हणलं, महिनाभर तपासून तरी बघू... "जल्दी चालू कर रे, वरून एसक्यूएल हाय ना!"

आणि त्या थरानं माझ्यासाठीच स्थळ काढलं हो! कुंभार पिंपळगावची आकांक्षा. चहा देताना म्हणती कशी, "साखर कमी असली तर सांगा, सगळे लाजून तसाच पितात." मी गार! आवडली मला. मनापासून आवडली.

आता लग्नाला ज्या झाडाची फांदी मांडवात पूजतो ते आपलं देवक. दोन्हीकडं एकच झाड निघालं तर पोरगा-पोरगी भाऊ-बहीण, सोयरीक खल्लास! एरवी आमच्याकडं पाण्याचा तांब्या टेकवायच्या आधी देवक विचारतात. पण थराला विचारलं, देवकाची अडचण? थर म्हणला, शून्य! हिरवी खूण! मंग आमचे बाबा म्हणले, "विचारायचं काय त्यात? पोराच्याच कंप्युटरनं बघितलंय." तिचे वडील बद्रीनाथराव म्हणले, "जावईच कंप्युटरवाले, आपण कशाला तोंड घालावं?" कुणीच विचारलं न्हाई!

साखरपुड्याला पंगत बसली, आणि आमची तुळजाबाई आत्या पोरीच्या आईला सहज म्हणती, "विहीणबाई, तुमच्याकडं मांडवाला फांदी कशाची?"

"कळंबाची की."

आत्याचा बुंदीचा लाडू तोंडापाशीच थांबला. "आवं... आमचीबी कळंबाचीच!"

मोडलं! तिथल्या तिथं मोडलं. आकांक्षा खोलीत गेली ती बाहेर आलीच न्हाई, आणि सगळा मांडव माझ्याकडं असा बघून राह्यला, जसं काही ते कळंबाचं झाड मीच लावलं!

अंगदला फोन लावला, तर म्हणतो, "अच्छा, देवक राह्यलं होय? दोन मिनिटांत करतो." केलं की दोन मिनिटांत! आता देवक बराबर दिसतं. इतकं बराबर, की ह्या गड्यानं स्वतःचाच बायोडाटा टाकला आणि थरानं त्याला काढून दिली कोण? आकांक्षा! देवक वेगळं, हिरवी खूण! मी म्हणलं, अरे, नीट तपासलं का? दात काढून म्हणतो, "वरून एसक्यूएल हाय ना!"

मंग मी ठरवलं. बदला! भर दुपारी अण्णासाहेब जेवायला गेल्ते, दार लावलं, बोटं मोडली. कॉलेजात रट्टा मारून एसक्यूएल शिकलो ते ह्याच घडीसाठी! एकच ओळ लिहिली: अंगदचं देवक बदल, कळंब कर. बस्स! उठू दे तुझ्याबी मांडवात एखादी आत्या! कचकन एंटर दाबला आणि पडद्यावर उत्तर आलं...

'इथून फक्त वाचता येईल. बदल करता येणार नाही.'

फक्त वाचता येईल! म्हंजे पोत्यात हात घालायचा तो अंगदनं, मी नुसतं वरून बघायचं! परत दाबला, परत तेच. तिसऱ्यांदा दाबला तर अण्णासाहेब ढेकर देत आले, "आदिनाथ, दार का रे लावलंस?"

परवा पत्रिका आली. चांगली जाड, सोनेरी काठाची. चि. अंगद, चि.सौ.कां. आकांक्षा. आणि खाली निमंत्रकांत, सगळ्यात शेवटी, माझं नाव! अंगदनंच हट्टानं घालायला लावलं म्हणे, 'ह्याच्यामुळंच जमलं.'

काय करता... वाचलं.