आयरिसची कळी

दवाखान्यात बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"आई, तुमच्या आयरिसला कळी आलीय."

"थट्टा नको. माझ्या आईनं दिलेले कंद, इतकी वर्षं नुसती पानंच."

"खरंच. त्यांच्यावरची माती रोज सकाळी मी बाजूला करायचे."

"अगं, मी संध्याकाळी परत घालायचे. वाटायचं, मांजर उकरतंय. किती शिव्या घातल्या त्याला."

"ऐकल्यात मी सगळ्या. कंदाच्या पाठीला ऊन लागतं, आई. पुरला की फुलत नाही."

"मग आता कशी आली कळी?"

"तुम्ही मावशींकडे राहायला गेलात, तेव्हा मांजराचंच राज्य होतं."

"रंग कुठला गं?"

"मिटलेली आहे. टोक जांभळं दिसतंय."

"आईच्या दारातलंच जांभळं. चल घरी."

"आणि गुडघा? पुढचा नंबर आपलाच आहे."

"गुडघा उद्याही दुखेल. नंबर या बाळाला दे."