तिघांचं मशीन

सर्वांना जय भीम.

भन्तेजींनी वंदना घेतली. आता माईक हातात दिलाय. बघते कुठवर जमतं. मध्येच थांबले तर तुम्हीही थोडं थांबा. पाणी आणायला धावू नका.

मी शैला. अंबरनाथला बुवापाड्यात राहते. विलासभाऊ आणि मी एकाच कंपनीत होतो. ते फिटर, मी लॅबमध्ये. आज या विहारात बसलेल्या बऱ्याच जणांनी मला पहिल्यांदाच बघितलंय. मघाशी मागच्या ओळीत कुणीतरी विचारलंही, ही कोण? सांगते. मी विलासभाऊंबरोबर गेम खेळणारी बाई. हो, गेम. टीव्हीला मशीन जोडून, हातात रिमोट धरून खेळतात ते. पन्नाशी उलटलीय माझी, घरात सून आलीय. हसायचं असेल तर हसून घ्या. विलासभाऊ स्वतःच आधी हसले असते.

माझ्या शेजारी उभे आहेत ते हरेशभाई. उल्हासनगरला त्यांचं दुकान आहे. जुने टीव्ही, मशीन, त्यांचे पार्ट. ते बोलणार नाहीत म्हणालेत. सकाळपासून एवढंच म्हणतायत, "ताई, आप बोलो, मेरे से नहीं होगा." म्हणून दोघांचं मीच बोलते.

आम्ही तिघं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. तीन गावं, तीन घरं आणि एक मशीन.

हे सुरू कसं झालं? विलासभाऊ मिक्सरचा पार्ट शोधत हरेशभाईंच्या दुकानात गेले. तर गिऱ्हाईक दारात उभं आणि मालक काउंटरमागे गाडी पळवतोय. दुसरा कुणी असता तर शिवी घालून पुढच्या दुकानात गेला असता. हे तिथेच उभे राहिले. हरेशभाईंनी न बघताच दुसरा रिमोट पुढे केला आणि म्हणाले, "आओ साईं, बैठो." झालं. मिक्सरचा पार्ट राहिला तिथेच. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मला म्हणतात कसे, "शैलाताई, काल मी परदेशात ट्रक चालवला." मी म्हटलं, "आज चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

मग मलाही नेलं त्यांनी. मी गेले ती गंमत बघायला आणि बसले मारामारीचा गेम खेळायला. दिवसभर साहेबांचं ऐकून घेतलेलं सगळं मी त्या पडद्यावरच्या पैलवानांवर काढलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी घरी जाऊन मी कुणावर ओरडले नाही. माझ्या सुनेला विचारा, ती साक्ष देईल.

मशीन एकट्याला परवडणारं नव्हतं. मग तिघांनी मिळून जुनंच पण चांगलं घेतलं, आणि भिशीसारखं फिरवायचं ठरलं. एक महिना एकाकडे. पहिल्या रविवारी पुढच्या घरी. त्याचा कायदा हरेशभाईंनी घातला: ज्याच्याकडे आहे त्याने स्वतः घेऊन जायचं, जोडून चालू करून दाखवायचं, घेणाऱ्याबरोबर एक डाव खेळायचा, मगच उठायचं. निरोप्याच्या हाती पाठवायचं नाही. मशीन घेऊन जिना उतरताना कुणी हाक मारली तरी वळून बघायचं नाही, हे विलासभाऊंनी पुढे जोडलं. विलासभाऊंच्या घरच्या, सुजाता वहिनींनी, जुन्या गोधडीची पिशवी शिवून दिली त्याला, आतून दुहेरी, खांद्याला पट्टा. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला तर आवडत नाही ना हे?" म्हणाल्या, "नाहीच आवडत. पण फुटलं तर महिनाभर यांचं तोंड कोण बघणार?"

आता त्यांच्या हाताबद्दल बोलते. इथल्या पुष्कळांना माहीत आहे, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. त्यांनाच आवडत नसे. कंपनीत प्रेस मशीनवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताचं तर्जनीचं बोट अर्धं गेलं होतं. त्यानंतर कंपनीने त्यांना गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला. जो माणूस नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का सांगायचा, तो गेटवर बसून "नाव सांगा, काम काय" विचारायला लागला. जेवताना हात टेबलाखाली धरायचे. सहीसुद्धा पाठ फिरवून करायचे.

रिमोटला मागच्या बाजूला एक बटण असतं, गाडीला वेग द्यायचं. ते याच बोटाने दाबतात. यांचं बोट तिथवर पोचायचंच नाही. गाडी रस्त्यात उभी आणि मागून सगळे हॉर्न वाजवतायत. हरेशभाई म्हणाले, दुसरा गेम लावू. पुढच्या वेळी हे आले ते आपला रिमोट घेऊन. त्या बटणावर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा कापून, घासून, बेताचा उंच करून चिकटवलेला. हरेशभाई ओरडले, "अरे साईं, रिमोट खराब कर दिया!" यांनी ट्रक सुरू केला. आणि चालवला. सरळ.

दादांनो, ताईंनो, तो ट्रक कसा चालवायचे ते तुम्ही बघायला हवं होतं. हरेशभाई गाडी चालवतात ती ठोकत ठोकत. मी तर फुटपाथवरूनच. आणि हे? लाल दिवा लागला की थांबायचे. आजूबाजूला चिटपाखरू नाही, पोलीस नाही, खरा रस्ताच नाही, तरी थांबायचे. वळताना इंडिकेटर. आम्ही डोकं धरून बसायचो. "भाऊ, चला ना, कोण बघतंय?" तर म्हणायचे, "माल दुसऱ्याचा आहे. नीट पोचवायचा." माल म्हणजे काय, तर पडद्यावरचे टोमॅटो.

असा माणूस होता. आता ज्यासाठी मी उभी राहिलेय ते बोलते.

पाणी आलं त्या दिवशी काय झालं ते तुम्हा बदलापूरच्या मांजर्लीकरांना मी सांगायला नको. उल्हास नदी तुमच्या दारात आली होती, माझ्या नाही. विलासभाऊंचं घर तळमजल्यावर. त्यांनी आणि वहिनींनी तांदूळ, गादी, कागदपत्रं, जे सुचेल ते वरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. दोघं वर बसले. मग यांच्या लक्षात आलं, मशीन खाली राहिलंय. तो महिना यांचा होता. टीव्हीखालच्या कप्प्यात. वहिनी नको म्हणाल्या. हे उतरले. पाणी कमरेला लागलं होतं. पिशवी डोक्यावर घेऊन वर आले. पायाला काहीतरी कापलं होतं, काच असेल नाहीतर पत्रा. त्यावर फडकं बांधलं आणि मशीन पुसत बसले.

ते पाण्यात बुडाले नाहीत. ते घाण पाणी त्या जखमेतून आत गेलं. पूर ओसरला, चिखल काढून झाला, आणि मग ताप आला. डॉक्टर लेप्टो म्हणाले. पण ते डॉक्टरांकडे गेले तोवर फार उशीर झाला होता.

ज्या दिवशी विलासभाऊंना नेलं, त्या दिवशी अंगणात मी एक वाक्य ऐकलं. त्यांचे मोठे भाऊ, अण्णा, इथे समोर बसलेत. अण्णा, तुम्ही वडील आहात. मी हात जोडून बोलते, पण बोलणार. तुम्ही रडत रडत म्हणालात, "एवढा बाप्या माणूस, खेळण्यापायी गेला." दुःखात माणूस काहीही बोलतो, मला समजतं. पण ते वाक्य तिथे राहिलं नाही अण्णा. ते दूधवाल्याकडे पोचलं. आमच्या कंपनीच्या गेटवर पोचलं. त्यांच्याच खुर्चीवर आता जो बसतो त्याने मला विचारलं, "मॅडम, सच में गेम के लिए मरा क्या?" आणि हसला. हसला तो.

मला सांगा, त्या दिवशी या मांजर्लीत पाण्यात कोण कोण उतरलं होतं? कुणी फ्रिज वाचवायला उतरलं. कुणी मोटारसायकल ढकलत आणली. कुणी कोंबड्यांची खुराडी आणली. समोरचे काका इन्व्हर्टरची बॅटरी आणायला गेले होते, काका, खरं ना? देवाच्या दयेने म्हणा, नशिबाने म्हणा, त्यांना काही झालं नाही. झालं असतं तर आपण काय म्हटलं असतं? बॅटरीपायी गेले? नाही. म्हटलं असतं, घरासाठी गेले बिचारे. मग याच माणसाला वेगळा न्याय का? पत्ते कुटले असते तर चाललं असतं. संध्याकाळी बसायला गेले असते तरी कुणी बोललं नसतं, उलट सोबत गेले असते. हा माणूस दारू पीत नव्हता, कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. सुट्टीच्या दुपारी बसून टोमॅटो पोचवत होता. आणि त्याचं हसं?

मी त्यांना मोठं करत नाहीये. अजिबात नाही. मला त्यांचा राग आलाय. फार राग आलाय.

तो पहिला रविवार. मशीन माझ्याकडे यायचं होतं. ते आले. अंगात ताप. दारातच दिसत होतं, डोळे लाल, ओठ सुकलेले. मी म्हटलं, "हे काय भाऊ? कशाला आलात?" म्हणाले, "आज रविवार ना." मी म्हटलं, "आधी डॉक्टर." म्हणाले, "जातो. गोळी घेतलीय. आधी चालू करून दाखवतो." इतके दिवस सुकवलं होतं म्हणे, रोज फडक्याने पुसून, जाळीतली धूळ ब्रशने काढून, तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेवून. एकेक वायर जोडली. मशीन चालू झालं. दिवा लागला, पंखा फिरला. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली.

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, "पाण्यात उतरलात ते या डबड्यासाठी?" त्यावर काय म्हणाले, ते अण्णा, तुम्ही नीट ऐका. म्हणाले, "शैलाताई, माझं एकट्याचं असतं तर जाऊ दिलं असतं. तिघांचं होतं."

तिघांचं होतं.

कायद्याप्रमाणे एक डाव खेळले. हरले. हरायचेच ते माझ्याशी. चहा नको म्हणाले. मी मुलाला म्हटलं, रिक्षा करून दवाखान्यात सोड यांना. तर म्हणतात, "नको, तुमची वहिनी वाट बघत असेल, तिला घेऊन जातो." जिना उतरले. मी हाक मारली. वळून बघितलं नाही त्यांनी. नियम होता ना, मशीन नेताना वळायचं नाही. मशीन तर माझ्या घरात होतं! तरी वळले नाहीत.

आणि घरी जाऊन वहिनींना काय सांगितलं? "बरं वाटतंय आता."

ते मशीन ठणठणीत आहे. त्या रविवारनंतर मी चालू केलेलं नाही, पण मला माहीत आहे. त्यांनी सुकवलंय म्हणजे सुकलंय. मशीन आहे आणि माणूस नाही. परवा मी आणि हरेशभाई वहिनींना विचारायला गेलो, काय करायचं. वहिनी म्हणाल्या, "ते माझ्या दारात परत आणू नका." वहिनी, नाही आणणार. इथे सगळ्यांसमोर शब्द देते. आणि दोघांत काही ते फिरत नाही. माझ्याकडून हरेशभाईंकडे, हरेशभाईंकडून माझ्याकडे, त्याला काय अर्थ? ज्याच्यासाठी थांबायचं तो मधला माणूसच गेला.

एक सांगते आणि बसते. म्हणजे दोन सांगते. पहिलं, तुमच्यापैकी जे जे त्या पाण्यात उतरले, ज्यांच्या पायाला साधं खरचटलंय, ज्यांना कणकण वाटतेय, त्यांनी उद्या नाही, इथून उठून सरळ दवाखान्यात जा. गोळी घेतलीय म्हणू नका. बरं वाटतंय म्हणू नका. घरातल्यांनो, त्यांचं ऐकू नका. ओढत न्या.

दुसरं विलासभाऊंना सांगायचं आहे. तिघांचं होतं म्हणालात ना? तिघांचं होतं, तर मग तिघांना विचारायचं होतं. पाणी आलं त्या सकाळी फोन चालू होते. हरेशभाईंचा चालू होता, माझा चालू होता. जिन्यात उभं राहून एक फोन करायचा होता. आम्ही दोघांनी एकच सांगितलं असतं. हरेशभाईंनी हिंदीत, मी मराठीत. बुडू दे, भाऊ. बुडू दे ते. तुम्ही वरच थांबा.

तुम्ही विचारलं नाहीत. आम्हाला ते म्हणता आलं नाही. गेले काही दिवस मी ते भांडी घासताना म्हणते, लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुताना म्हणते. आवाज न करता.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. तुमचंही त्यांना काही सांगायचं राहिलं असेल, तर मनात सांगून घ्या. मी तेवढंच सांगणार आहे.

उठा. वहिनी, तुम्ही बसा.