वसुधा शान्तौला गेलीच

मंडळी, या उकाड्यात एवढं ड्राइव्ह करून तुम्ही सगळे शुगर लँडला आलात. समोर वसुधाचा नवरा हेंग आणि मुलगी मीरा बसलेत. मला बोलायला सांगितलंय. पण काय बोलू? मला रडू येत नाहीये, राग येतोय. वसुधाचा. बत्तीस वर्षांच्या मैत्रीचा एवढा हक्क असतो ना?

शान्तौबद्दल तिने ज्यांना ऐकवलं नाही, त्यांनी हात वर करा. बघा. एकही नाही.

रिसेप्शन असो, बारसं असो, हिचं सुरू. चीनचा दक्षिण किनारा. हान नदी समुद्राला मिळते ती जागा. कर्कवृत्त तिथूनच जातं. जुन्या पेठेतले रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेत. तिथून माणसं जहाजं भरभरून सयामला, सिंगापूरला गेली, घरं मागे ठेवून.

मी वैतागून म्हणायचे, "अगं, गाव हेंगचं. तू का मिरवतेस?"

"तो मिरवत नाही म्हणून."

त्यालाही कारण होतं. आई गेली तेव्हा हेंगचे ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते, तो जाऊ शकला नाही. थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "आता येऊच नकोस." हाही हट्टी. पंचवीस वर्षं गेला नाही.

आणि वसुधा? तिने सासूकडून फोनवर तिची भाषा शिकून घेतली होती. मँडरिन नव्हे, तिथली तेओच्यू. दर शनिवारी, एकेक शब्द.

या मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, विमानप्रवास नको. हिने दुसऱ्याच दिवशी शान्तौची दोन तिकिटं बुक केली! मी ओरडले. हेंग ओरडला. मीरा म्हणाली, "मॉम, यू आर इम्पॉसिबल." आणि एअरपोर्टला सोडायला कोण गेलं? मीच. अख्ख्या रस्त्यात कॅन्सल कर, कॅन्सल कर म्हणत.

पुढचं हेंगने सांगितलं. भावाने दार उघडलं, "चहा घ्या" म्हणाला. तिथे 'या, बसा'च्या जागी तेच म्हणतात. मग गप्प. इवल्या इवल्या कपांतून चहा, तीन दिवस, दोघे भाऊ समोरासमोर, आणि एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी वसुधाने कप आपटला. मोडक्यातोडक्या तेओच्यूत म्हणाली, "तुमच्या आईने मला ही भाषा एवढ्या लांबून शिकवली. तुम्हाला जन्मापासून येते, आणि तुम्ही तोंड मिटून बसता?"

थोरला आधी हसला. तिचे उच्चार हुबेहूब आईचे होते. मग रडायला लागला. संध्याकाळी दोघे मिळून टेकडीवर आईच्या थडग्याशी गेले. वसुधाला चढवेना. ती खालीच एका दगडावर बसून राहिली.

परत आल्यावर दोन आठवड्यांत हॉस्पिटल. मी भेटायला गेले तर म्हणते, "दोघे रोज फोनवर भांडतात गं. चहा कुठला चांगला यावरून."

मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणाले होते."

"म्हणाले होते," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मंडळी, मी घरी जाऊन चांगलं खणखणीत उत्तर तयार केलं होतं. सकाळी मीराचा फोन आला. आता ते कुणाला देऊ?

उभे राहू या. दोन मिनिटं, तिच्यासाठी.

वसुधा, माझा राग गेलेला नाही. जाऊही नये. नमस्कार.