हात लाव नको, कान लाव

समारंभाच्या अध्यक्षा माननीय पद्मावतीताई, व्यासपीठावर बसलेले धारगळचे सगुणमेस्त, आजचे सत्कारमूर्ती महादेवभाऊ, आणि हळर्णच्या आपल्या फूल उत्पादक संस्थेच्या माझ्या सगळ्या बायांनो व बंधूंनो, संस्थेची चिटणीस म्हणून मी विनोदिनी आपणा सर्वांना नमस्कार करते.

महादेवभाऊ बांद्याहून आले, आपल्या संस्थेच्या पिकअपच्या स्टिअरिंगवर बसले आणि इथलेच झाले. आज ते निवृत्त होताहेत. शाल झाली, श्रीफळ झाले, चार गोड शब्दही झाले. पण उद्याच्या सभेत एक विषय आहे, आणि तो मनात असताना मला नुसते गोड बोलणे जमत नाही. ड्रायव्हर चाललाच आहे, तर त्याच्यामागून पिकअपही विकून टाकू, असे काहींचे म्हणणे. कारण काय, तर इंजिन टकटक करते! पद्मावतीताई, रागावू नका, त्या काहींत तुम्हीही आहात.

ही टकटक काय आजची आहे? तो दसरा आठवा. खंडेनवमीची सकाळ, रोजांची, म्हणजे आपल्या झेंडूची, पोती भरलेली. त्याच दिवशी म्हापशाचा बाजार गाठायचा, कारण दसरा सरला की त्या फुलांना गुरेही हुंगत नाहीत. आणि धारगळच्या चढावर इंजिन असे वाजू लागले की पोत्यांवर बसलेल्या आम्ही बायका देवाचे नाव घेऊ लागलो. रस्त्यावरचे शहाणे जमलेच. खालचे बेरिंग गेले, आता इंजिन अडकणार, असे जो तो सांगू लागला.

कशीबशी गाडी सगुणमेस्तांच्या गॅरेजात नेली. पण दिवस कोणता? पाने, पक्कड, पेचकस, सगळे पाटावर, हळदकुंकू लावून. मेस्त म्हणाले, "हत्यारां पुजेक लायल्यांत. फाल्यां मेरेन हांव हात लावचो ना." म्हणजे उद्यापर्यंत हत्याराला हात नाही! मेस्त, तुमचे काही चुकले नाही, पण खरे सांगते, मी तिथे रडले.

महादेवभाऊ म्हणाले, "मेस्ता, हात लाव नको, कान लाव."

लांब पेचकस कानाशी धरून इंजिन ऐकायची मेस्तांची रीत. पेचकस तर पुजेत. मग महादेवभाऊंनी मेस्तांच्याच चुलीकडून दवली मागून आणली. हो, आमटी ढवळायची, करवंटीची! दांड्याचे टोक इंजिनावर, करवंटी कानाला. आम्ही रडता रडता हसलो. मेस्त हसले नाहीत. त्यांनी आधी खाली तेलाच्या चेंबरपाशी ऐकले, मग वरच्या झाकणावर. रेस वाढवायला लावली, पुन्हा ऐकले. खाली धडधड नव्हतीच. टकटक वर होती, एकाच जागी. वाल्व्ह आणि त्याला दाबणारी पट्टी यांतले अंतर वाढले होते, बाकी बेरिंग ठणठणीत.

"पोचतली," मेस्त म्हणाले. "पूण सवकास व्हरात."

पोचली. सावकाश, टकटकत गेली, रिकामी होऊन परत आली. दसऱ्यानंतर मेस्तांनी ते अंतर बसवले. तरी थोडा आवाज राहिलाच. पद्मावतीताई, तेव्हा तुम्हीच विचारले होते, एवढा तरी कशाला ठेवता? महादेवभाऊंचे उत्तर मला पाठ आहे: "बाये, थोडो बोलता तो बरो. एकदम गप केलास, तर वाल्व्ह पुरो मिटाचो नाय आणि जळान जातलो."

म्हणजे ते अंतर थोडे राखावेच लागते. तीच ही टकटक, बायांनो. हे दुखणे नव्हे. आणि पिकअप विकली तर काय, पुन्हा पोती डोक्यावर घेऊन बसच्या कंडक्टरची मनधरणी करायची? मी नाही करणार. तो ठराव उद्या आला तर मी उभी राहून विरोध करीन, आणि हे आजच सांगते, म्हणजे मागाहून कोणी नावे ठेवायला नको. ड्रायव्हरची चिंता नको. आपल्या शेवंतीने लायसन काढले आहे. महादेवभाऊंनी तिला गाडी चालवायला शिकवली आणि ऐकायलाही.

महादेवभाऊ, तुमचे उपकार आहेत, फिटायचे नाहीत. तुम्ही बांद्याला सुखाने राहा, दसऱ्याला मात्र इकडे या. सगुणमेस्त आवर्जून आले, अध्यक्षांनी मला मध्येच थांबवले नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, सगळ्यांची मी आभारी आहे. निरोपाच्या दिवशी जीभ तिखट झाली असेल, तर तेवढे पोटात घाला.

चहा तयार आहे. पण पद्मावतीताई, आधी जरा अंगणात चला. शेवंतीने गाडी चालू ठेवली आहे आणि दवली माझ्या पिशवीत आहे. उद्या हात वर करण्याआधी आज एकदा कान लावा.