घोड्याचे पुढचे पाय

(फोनवर. धाकटा हॉलच्या मागच्या खोलीत, दोघांनी आत शिरून चालवायच्या नाटकातल्या घोड्याशेजारी. दादा दूरच्या शहरात, कामावर, जेवणाच्या सुट्टीत.)

धाकटा : ...आणि मान या वेळी वळते. आतल्या कामट्या काढून टाकल्या, सायकलची जुनी ट्यूब घातली. डोळ्यांना बाटलीची झाकणं. तू बघच.

दादा : अरे, मी काय म्हणालो ते ऐकलंस का?

धाकटा : ऐकलं. सुट्टी मिळाली नाही. कानात बोळे नाहीत माझ्या.

दादा : मग मानेचं काय सांगत बसलायस?

धाकटा : मग काय सांगू? सुट्ट्या लागल्या, रविवारी गल्लीचं नाटक, आणि घोड्याला पुढचे पाय नाहीत.

दादा : बेकरीवाला तयार आहे म्हणालास ना?

धाकटा : तू गेल्या आठवड्यात 'बघतो' म्हणालास तेव्हाच त्याला विचारलं. तुझं 'बघतो' मला कळतं. काल तालीम केली. पुढच्याने एकदा टाच आपटली की थांबायचं, दोनदा आपटली की चालायचं. एवढं साधं. पठ्ठ्या आत शिरला आणि पाय झटकायला लागला. मुंग्या आल्या म्हणे. मी आपला मागे वाकलेला, अंधारात. दोन ऐकले, चाललो. एक ऐकला, थांबलो. घोडा मधोमध दुमडला आणि सरळ राजाच्या मांडीवर.

दादा : राजा कोण यंदा?

धाकटा : शिंपीकाका. नाटक बसवणार तेच, राजा होणार तेच. म्हणाले, घोडा रद्द, राजा चालत येईल.

दादा : काकांच्या मांडीवर घोडा. अरे देवा.

धाकटा : हस. सगळेच हसले.

दादा : बरं, नाही हसत. तू पुढे हो ना. बेकरीवाल्याला मागे घाल. मागच्याला काय, नुसतं ऐकायचं.

धाकटा : नाही.

दादा : का नाही?

धाकटा : पुढचे पाय तुझ्या मापाचे आहेत. तुझीच पँट कापून शिवलेले. मला जमिनीवर लोळतात.

दादा : मग आखूड कर. आई दोन मिनिटांत टीप मारून देईल.

धाकटा : दोन वर्षं मी काकांना सांगतोय, घोडा दुरुस्तीला आहे म्हणून. दोन वर्षं घोड्याशिवाय नाटक झालं. कशाला? तर तू येशील म्हणून. आता टीप मारली की झालंच.

दादा : टीप उसवता येते रे.

धाकटा : येणार आहेस का तू? या सुट्टीचं नाही विचारत. एरवीचं.

दादा : इथं सुट्टीच्या दिवसांतच जास्त काम असतं. दिवसभर खोकी बांधतो. काल एक रिकामं खोकं हातात आलं. एवढा जाड पुठ्ठा, एक घडी नाही त्याला. म्हटलं, यात दोन माना निघतील. मग दिलं टाकून.

धाकटा : मी हे नव्हतं विचारलं.

दादा : माहीत आहे. नाही जमणार. तीन-चार वर्षं तरी नाही. आईला अजून बोललो नाही.

धाकटा : हं.

दादा : रागावलास?

धाकटा : नाही. म्हणजे हो. पण आता रागावून काय, रविवार तीन दिवसांवर आला.

दादा : काकांना सांग, घोडा येतोय. तू पुढे. आणि बेकरीवाल्याला म्हणावं, मुंग्या घरी सोडून ये.

धाकटा : मी कधी पुढे गेलेलोच नाही. लहानपणापासून तुझी कंबर धरून चाललोय. पुढून दिसतं काय, तेही माहीत नाही मला.

दादा : गळ्याखाली जाळी लावलीयस ना?

धाकटा : लावलीय. मच्छरदाणीचा तुकडा.

दादा : तिच्यातून पहिली रांग दिसते. बाकी काळोख. आई कडेच्या खुर्चीवर असते. घोडा आला की सगळे टाळ्या पिटतात. ती नाही वाजवत.

धाकटा : मग काय करते?

दादा : चष्मा काढून पुसत बसते. आपण आत जाईपर्यंत.

धाकटा : कधी बोलला नाहीस.

दादा : तू मागे होतास, तुला काय सांगायचं. रविवारी बघ, आणि मला फोन कर. अजून पुसते का ते.